तिघे चालत होते, मग चौथा कोण? गूढ अनुभवांचा अभ्यास विद्यापीठात कसा होतो

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २०२४ मध्ये 'जादू आणि गूढविद्या' या विषयात एम.ए. सुरू केलं. बातमी फिरू लागली आणि दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. काही म्हणाले, "आता विद्यापीठात भूतप्रेत शिकवणार का?" काहींना आनंद झाला, "बघा, शेवटी विज्ञानाने मान्य केलंच!"

दोन्ही गट चुकले. त्या वर्गात मंत्र शिकवत नाहीत आणि भूतं सिद्धही करत नाहीत. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांची हत्यारं घेऊन माणसांच्या समजुतींचा आणि अनुभवांचा अभ्यास तिथे होतो. हा प्रकार नवाही नाही. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात पाश्चात्त्य गूढविद्येच्या इतिहासाचं अध्यासन १९९९ पासून आहे, आणि धर्मातल्या गूढ अनुभवांचा पद्धतशीर अभ्यास तर सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तरीही 'हे लोक नेमकं करतात तरी काय' हे सामान्य वाचकाला कुणी नीट सांगितलेलं नसतं. ते सांगायचा हा प्रयत्न.

## आधी दोन शब्द

पहिला शब्द 'गूढानुभव'. देव, ब्रह्म, शून्य किंवा 'हे सगळं एकच आहे' अशा कशाची तरी स्वतःला थेट प्रचीती येणं म्हणजे गूढानुभव. पोथीत वाचलेलं किंवा गुरूने सांगितलेलं यात येत नाही. मराठीत आपण याला साक्षात्कार म्हणतो. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी अशीच व्याख्या केली आहे: देवाचं थेट, मध्यस्थाविना, ज्याचं त्याला होणारं आकलन.

दुसरा शब्द 'अतींद्रिय अनुभव'. गेलेलं माणूस दिसणं, कुणी नसताना हाक ऐकू येणं, आपण शरीराबाहेर जाऊन स्वतःकडे बघतोय असं वाटणं, पुढे घडणारं आधीच कळल्यासारखं होणं, हे सगळं यात येतं.

संतचरित्रांमध्ये हे दोन्ही एकाच पानावर भेटतात. अभ्यासकांनी मात्र बराच काळ त्यांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं. गूढानुभव गेला तत्त्वज्ञान आणि धर्माभ्यासाकडे, अतींद्रिय अनुभव गेला परामानसशास्त्राकडे, म्हणजे अशा दाव्यांची प्रयोगाने तपासणी करणाऱ्यांकडे. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातले जेफ्री क्रिपाल यांच्यासारखे अभ्यासक आता म्हणतात की ही भिंत कृत्रिम आहे. मला ते पटतं. ज्याला अनुभव येतो तो आधी खोली निवडून मग अनुभव घेत नाही.

गूढानुभव ओळखायचा कसा? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली चार खुणा सांगितल्या, त्या अजून वापरात आहेत. तो शब्दांत मावत नाही. त्यातून काहीतरी कळलं अशी खात्री वाटते. तो फार वेळ टिकत नाही. आणि तो आपण घडवून आणला असं वाटत नाही, आपल्याला झाला असं वाटतं.

## एका घटनेचे तीन प्रश्न

माझ्या मावशीचे यजमान गेले. त्यानंतर दोनेक महिन्यांनी सगळे जमलेले असताना ती म्हणाली, "रोज संध्याकाळी साडेसहाला दाराबाहेर त्यांच्या चपला काढल्याचा आवाज येतो. आधी डावी, मग उजवी." क्षणभर शांतता पसरली. मग एक नातेवाईक म्हणाले, "त्यांचा जीव घरात अडकलाय, काहीतरी करून घ्या." दुसरे म्हणाले, "मनाचे खेळ आहेत गं, लक्ष नको देऊस." त्यानंतर मावशीने हा विषय कुणासमोर काढला नाही.

त्या दोघांचं मत टोकाचं वेगळं होतं, पण चूक एकच होती. दोघांनीही एकदम निकाल दिला. अभ्यासक इथे तीन प्रश्न वेगळे करतात. नेमकं काय अनुभवलं? त्या माणसाने त्याचा अर्थ काय लावला? आणि ते कशामुळे घडलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातात नसलं तरी पहिले दोन नीट विचारता येतात, आणि ते विचारल्याशिवाय तिसऱ्याला हात घालणं म्हणजे रोग्याला न तपासता औषध देणं.

हे वेगळं का करायचं ते आपल्याच परंपरेतल्या दोरी आणि सापाच्या दाखल्यावरून चांगलं कळतं. अंधारात पायाखाली काहीतरी वळवळीत लागलं. घाम फुटला, किंकाळी निघाली. दिवा आणला तर दोरी. आता सांगा, तो माणूस कशाला घाबरला? 'दोरीला घाबरला' म्हणालो तर वर्णनच खोटं ठरेल, कारण दोरीला कुणी घाबरत नाही. तो सापाला घाबरला. त्याच्या भीतीचं वर्णन त्याच्याच शब्दांत करायला हवं. मात्र ती भीती निर्माण कशाने झाली हे सांगताना दोरी म्हणायला काहीच हरकत नाही.

वेन प्राउडफूट या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ मध्ये हाच मुद्दा अस्वल वाटलेल्या ओंडक्याचं उदाहरण देऊन मांडला. त्याच्या मते वर्णन करताना अनुभव घेणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत, पण कारण शोधताना त्याची संमती लागत नाही. भाविकांना याचा दुसरा भाग टोचतो आणि शंकेखोरांना पहिला. माझ्या मते या क्षेत्रात याहून उपयोगी वाक्य दुसरं नाही.

निकाल राखून ठेवायच्या या शिस्तीचे एक मोठे पुरस्कर्ते निनियन स्मार्ट. ब्रिटनमध्ये लँकेस्टर विद्यापीठात १९६७ साली त्यांनी धर्माभ्यासाचा विभाग उभा केला. न्यायालयात साक्ष नोंदवून घेताना न्यायाधीश 'हे खरं' किंवा 'हे खोटं' असं मध्येच म्हणत नाहीत. साक्ष संपूर्ण, शब्दशः उतरवून घेतात. तीच शिस्त इथे लागते. साक्ष नोंदवून घेतली म्हणजे ती मान्य केली असा अर्थ कुणी काढत नाही.

## तिघांच्या वाटेवरचा चौथा

आता एक साक्ष जवळून बघू.

मे १९१६. अर्नेस्ट शॅकल्टनचं जहाज दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात चिरडून बुडालेलं. एका लहान होडीतून तो आणि पाच साथीदार कसेबसे साउथ जॉर्जिया बेटाच्या किनाऱ्याला लागले, पण माणसांची वस्ती बेटाच्या दुसऱ्या बाजूला. मध्ये बर्फाचे डोंगर, ज्यांचा नकाशाही नव्हता. शॅकल्टन, फ्रँक वर्स्ली आणि टॉम क्रीन हे तिघे निघाले. तंबू नाही, झोप जवळजवळ नाही, सलग ३६ तास चाल. ते पोचले.

पुढे शॅकल्टनने लिहिलं की त्या वाटचालीत आपण तिघे नसून चौघे आहोत असं त्याला वारंवार वाटत होतं. तेव्हा तो सोबत्यांना काही बोलला नाही. नंतर वर्स्ली आपणहून म्हणाला की आपल्याबरोबर आणखी कुणीतरी चालतंय असं त्याला वाटत होतं. क्रीननेही तेच कबूल केलं. शॅकल्टनच्या मनात शंका नव्हती: ईश्वरी कृपेने वाट दाखवली.

आता ९० वर्षं पुढे येऊ. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लँके हे मेंदूतज्ज्ञ अपस्माराच्या एका तरुण रुग्ण स्त्रीची शस्त्रक्रियेआधीची तपासणी करत होते. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर आणि मागे, त्यांनी बारीकसा विद्युतप्रवाह दिला. ती म्हणाली, माझ्या पाठीमागे कुणीतरी आहे. ती आडवी होती तर ती सावलीही तिच्यामागे आडवी. ती उठून गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर सावलीही बसली आणि तिने मागून तिला कवटाळलं. हे तिला अजिबात आवडलं नाही. मग तिच्या हातात वाचायला एक कार्ड दिलं. ती म्हणाली, त्याला ते कार्ड माझ्याकडून काढून घ्यायचंय. २००६ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

सावली तिच्याच हालचालींची नक्कल करत होती, यातच उलगडा आहे. आपलं शरीर कुठे आहे, कसं वळलेलं आहे याची नोंद मेंदू सतत ठेवत असतो. त्या जागी प्रवाह दिला की ही नोंद विस्कटते आणि आपल्याच शरीराची जाणीव 'दुसरं कुणीतरी' म्हणून उमटते.

मग शॅकल्टनचा चौथा सोबती म्हणजे मेंदूची गडबड, असं म्हणून मोकळं व्हायचं का? थांबायला हवं. त्या डोंगरावर कुणी मेंदू तपासत नव्हतं. थकवा, थंडी आणि निद्रानाश यांनी तीच यंत्रणा विस्कटली असेल हा अंदाज सयुक्तिक आहे, पण तो अंदाजच आहे. तिघांनी नंतर एकमेकांशी बोलताना आठवणी जुळत गेल्या असतील, हीही शक्यता आहे. मला यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. अनुभवाचा गाभा दोन्हीकडे जवळपास सारखा: 'कुणीतरी सोबत आहे'. एकाला त्यात आधार वाटला, दुसरीला धास्ती. जीव वाचवण्यासाठी चालणाऱ्या आस्तिक माणसाच्या वाट्याला तो कृपा म्हणून आला आणि दवाखान्यातल्या पलंगावर तो आगंतुक म्हणून आला. पहिला प्रश्न आणि दुसरा प्रश्न वेगळे का ठेवायचे, ते इथे डोळ्यांसमोर दिसतं.

## असे अनुभव किती जणांना येतात?

आपल्याला वाटतं त्याहून बऱ्याच जणांना. १८८२ साली लंडनमध्ये काही विद्वानांनी अशा अनुभवांच्या तपासणीसाठी एक संस्था काढली, पहिले अध्यक्ष केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक. या मंडळींनी १७,००० माणसांना एकच प्रश्न विचारला: पूर्ण जागेपणी, बाहेर काही कारण नसताना, कुणी दिसल्याचा, स्पर्श झाल्याचा किंवा आवाज ऐकू आल्याचा स्पष्ट अनुभव तुम्हाला कधी आला आहे का? १,६८४ जण 'हो' म्हणाले. दहातला जवळजवळ एक. १८९४ मध्ये हा अहवाल आला. असं काही झालं म्हणजे माणूस वेडाच, ही समजूत तेव्हाच ढासळायला हवी होती.

नंतरचं एक नाव मला फार आवडतं, अ‍ॅलिस्टर हार्डी. हे गृहस्थ सागरी जीवशास्त्रज्ञ. समुद्रातले सूक्ष्म जीव जहाज चालू असतानाच गोळा करत राहणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. निवृत्तीनंतर, १९६९ मध्ये, त्यांनी ऑक्सफर्डला धार्मिक अनुभव गोळा करणारं केंद्र सुरू केलं. पद्धत तीच: आधी नमुने जमवा, वर्गवारी करा, सिद्धांत नंतर. लोकांनी पत्रं पाठवली. आज त्या संग्रहात ६,००० हून जास्त निवेदनं आहेत. पुढे त्यांचे सहकारी डेव्हिड हे यांनी ब्रिटनमध्ये पाहणी केली. आपल्या रोजच्या 'मी'पेक्षा वेगळ्या अशा एखाद्या शक्तीची किंवा अस्तित्वाची जाणीव कधी झाली का, या प्रश्नाला तिघांत एकाहून थोडे जास्त लोक 'हो' म्हणाले.

आणि माझ्या मावशीच्या प्रश्नाला तर थेट लागू पडणारा अभ्यास १९७१ चा आहे. वेल्समधले एक डॉक्टर, डेवी रीस, यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांशी बोलून माहिती घेतली. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचा कोणत्या ना कोणत्या रूपात अनुभव आला होता: जवळ असल्याची जाणीव, आवाज, दिसणं, स्पर्श. बहुतेकांना त्यातून दिलासा मिळाला होता. आणि बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

## पण सगळे संत एकच तर सांगतात ना?

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यामागे उदात्त भावना असते. वाटा वेगळ्या, शिखर एक. ऑल्डस हक्सली यांनी १९४५ मध्ये हाच विचार लोकप्रिय केला. १९६० साली वॉल्टर स्टेस या तत्त्वज्ञांनी त्याला नेमकी मांडणी दिली: अनुभव मुळात सारखाच, त्यावरची धर्माची भाषा तेवढी निराळी.

१९७८ मध्ये स्टीव्हन कॅट्झ यांनी याला सुरुंग लावला. त्यांचं म्हणणं असं, की भाषा अनुभवावर नंतर चढवली जात नाही, ती अनुभव घडवतानाच आत असते. वर्षानुवर्षं एका देवाचं रूप डोळ्यांसमोर आणून साधना करणाऱ्याला त्याच रूपाचं दर्शन होतं, दुसऱ्या धर्मातल्या देवाचं होत नाही. निखळ, कशाचाही लेप नसलेला अनुभव अशी गोष्टच नाही.

या बाजूने पुरावा भक्कम आहे. टान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाचं निदान झालेल्या, आवाज ऐकू येणाऱ्या ६० जणांशी बोलणं केलं. त्यातले २० कॅलिफोर्नियातले, २० घानातल्या आक्राचे, २० चेन्नईचे. अमेरिकेत आवाज बहुतेकदा अनोळखी, हिंसक, मेंदू बिघडल्याची खूण. आक्रात अनेकांना देवाचा आवाज. आणि चेन्नईत? बऱ्याच जणांना नातेवाइकांचे आवाज, जे घरातली कामं कर म्हणून सांगतात, रागावतात, सल्लाही देतात. आजार एकच असूनही आवाज संस्कृतीची भाषा बोलतो.

मृत्यूच्या दारातून परतलेल्यांच्या हकिगतींचंही तेच. पाश्चात्त्यांच्या कथनांत प्रकाश, बोगदा, गेलेले आप्त. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ हकिगती प्रसिद्ध केल्या. त्यांत यमदूत येतात, नेतात आणि तिथल्या वहीत बघून 'चुकीच्या माणसाला आणलं' म्हणून परत पाठवतात.

म्हणजे कॅट्झ जिंकले? पूर्णपणे नाही. रॉबर्ट फॉर्मन यांनी १९९० मध्ये अडचणीचा प्रश्न विचारला: ज्या ध्यानावस्थेत विचार, प्रतिमा, शब्द काहीच उरत नाही, तिथे संस्कृती घडवणार तरी काय? आणि डेव्हिड हफर्ड यांचा १९८२ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. झोपेतून जाग आल्यावर शरीर हलत नाही, खोलीत कुणीतरी आल्याचं जाणवतं, छातीवर ओझं बसतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर याला 'म्हातारी हडळ' म्हणतात. हफर्डना आढळलं की ज्यांनी ही लोककथा कधी ऐकलीच नव्हती तेही हुबेहूब तेच तपशील सांगतात. याचं शरीरशास्त्र आता माहीत आहे: स्वप्नाच्या झोपेत स्नायू ढिले पडलेले असतात आणि शरीर त्या अवस्थेत असतानाच मन जागं होतं.

सांगाडा शरीराचा आणि कपडे संस्कृतीचे, असं यावरून वाटतं. फक्त कुठल्या अनुभवात सांगाडा किती आणि कपडे किती, हे एका फटक्यात सांगता येत नाही. प्रत्येक अनुभवाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

## मेंदूत सापडलं, मग विषय संपला का?

अँड्र्यू न्यूबर्ग आणि सहकाऱ्यांनी ध्यानाला बसलेल्या तिबेटी पद्धतीच्या साधकांचे आणि प्रार्थनेत मग्न असलेल्या फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघातल्या जोगिणींचे (नन) मेंदू तपासले. 'मी कुठे संपतो आणि जग कुठे सुरू होतं' हे ठरवायला मदत करणाऱ्या भागातलं काम ध्यान रंगल्यावर मंदावलेलं दिसलं. बातम्या आल्या: देव मेंदूत सापडला!

जेम्स यांनी १९०२ मध्येच या घाईला नाव ठेवलं होतं, 'वैद्यकीय जडवाद'. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक सेंट पॉल याला दमास्कसच्या वाटेवर झालेलं येशूचं दर्शन म्हणजे फेफरं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना त्यांनी विचारलं, की मग नास्तिकाची मतं कुठे तयार होतात? तीही शरीरातच ना?

आई समोर उभी राहिली की माझ्या मेंदूत ठरावीक हालचाल होते. म्हणून आई मेंदूने बनवली असं होत नाही. पण आई स्वप्नात आली तरी मेंदूत हालचाल होतेच. तेव्हा मेंदूचं नुसतं चित्र बघून बाहेर कुणी होतं की नव्हतं, हे ठरत नाही. भाविकांनी मात्र इथेच सुटकेचा श्वास सोडू नये. ब्लँके यांच्या रुग्णाच्या बाबतीत बाहेर कुणी नव्हतं हे आपल्याला पक्कं माहीत आहे, तरीही अनुभव आला आणि तो अगदी खराखुरा वाटला. म्हणजे 'मला इतकं स्पष्ट जाणवलं, तेव्हा ते असणारच' हा युक्तिवाद टिकत नाही. अनुभवाची तीव्रता हा त्याच्या सत्याचा पुरावा नाही.

शास्त्रज्ञांचीही फसगत होते. कॅनडातले मायकेल पर्सिंजर डोक्यावर शिरस्त्राण चढवून मंद चुंबकीय क्षेत्राने 'कुणीतरी आहे' अशी जाणीव निर्माण करता येते असं सांगत. त्याला लोकांनी 'देवाचं हेल्मेट' असं नाव दिलं. २००५ मध्ये स्वीडनच्या पेर ग्रांकविस्ट आणि सहकाऱ्यांनी चुंबक चालू आहे की बंद, हे प्रयोग करणाऱ्याला आणि प्रयोगात बसणाऱ्याला दोघांनाही कळू न देता तोच प्रयोग केला. चुंबकाचा काही परिणाम दिसला नाही. अनुभव आले ते मुळात सूचना पटकन घेणाऱ्या स्वभावाच्या लोकांना.

सायलोसायबिन या अळंब्यांतल्या द्रव्याची गोष्ट वेगळी. १९६२ च्या गुड फ्रायडेला बॉस्टनमध्ये वॉल्टर पानके यांनी २० धर्मशास्त्र विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना ते दिलं. त्यातल्या बहुतेकांनी सांगितलेला अनुभव संतांच्या वर्णनांशी मिळताजुळता होता. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ३६ जणांवर जास्त काटेकोर प्रयोग केला. दोन महिन्यांनी त्यांपैकी दोन तृतीयांश लोक म्हणाले की आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत हा बसतो. हे निवडून घेतलेल्या माणसांवर, तज्ज्ञ शेजारी बसलेले असताना झालं, हे विसरू नये. बहुतेक देशांत हे द्रव्य बेकायदा आहे आणि मनोविकाराची पार्श्वभूमी असलेल्यांना ते घातक ठरू शकतं.

## पण कुणाला खरोखर पुढचं दिसलं असेल तर?

हा तिसरा प्रश्न झाला, आणि तो तपासता येतो. ड्यूक विद्यापीठात जे. बी. राइन यांनी २५ पत्त्यांचा जोड वापरला. पाच चिन्हं, प्रत्येकाचे पाच पत्ते. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतील. त्याहून सतत जास्त आले तर काहीतरी आहे. १९३४ मध्ये त्यांनी यशाचा दावा केला, पण इतरांनी पद्धत घट्ट केली की यश पातळ होत गेलं.

२०११ साली डॅरिल बेम या नामांकित मानसशास्त्रज्ञांनी नऊ प्रयोग आणि हजाराहून जास्त माणसं घेऊन भविष्याची चाहूल लागते असा निष्कर्ष छापला. पुढच्याच वर्षी इतरांनी त्यातला एक प्रयोग तंतोतंत पुन्हा करून पाहिला, हाती काही लागलं नाही. हृदय बंद पडून वाचलेल्यांच्या मोठ्या पाहणीत, तिचा अहवाल २०१४ चा, रुग्णालयांच्या खोल्यांत फक्त छतावरूनच दिसतील अशी चित्रं फळ्यांवर ठेवली होती. ती पाहिल्याचं एकाही रुग्णाने सांगितलं नाही. एका रुग्णाने खोलीतल्या हालचालींचं बरंच अचूक वर्णन केलं, पण त्याच्या खोलीत फळीच नव्हती.

माझं मत सरळ आहे: मागाल तेव्हा आणि कुणीही करून पाहावं असा पुरावा अजून कुणी दिलेला नाही. यातून एक चांगली गोष्ट मात्र घडली. बेम यांनी मानसशास्त्राच्या नेहमीच्याच पद्धती वापरल्या होत्या, म्हणून त्या पद्धतींतच किती भोकं आहेत हे सगळ्यांना दिसलं आणि दुरुस्तीला जोर आला.

## ही अंधश्रद्धेची पाठराखण नाही का?

नाही, आणि इथे स्वतः परंपरांकडेच बघावं. चमत्कारांवर सर्वांत जुनी शंका भक्तांनी आणि योग्यांनीच घेतलेली आहे. योगसूत्रांत सिद्धींची लांबलचक यादी आहे, पण त्यातच 'ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः' असंही बजावलं आहे: बाहेरच्या जगात त्या सिद्धी, समाधीच्या वाटेवर अडथळे. गृहस्थांसमोर शक्तींचं प्रदर्शन करायला बुद्धाने भिक्षूंना मनाई केली. तुकोबा तर स्वतःबद्दल साफ सांगतात, 'दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी ॥'

सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या संत तेरेसा स्वतः दर्शनं होणाऱ्या. तरी त्यांनी एका बाईची हकिगत लिहून ठेवली आहे. ती आठ आठ तास गुंगीत पडून राहायची आणि लोकांना ती भावसमाधी वाटायची. तेरेसांच्या सांगण्याप्रमाणे नीट जेवण, नीट झोप आणि उपासतापास कमी, एवढ्यावर ती गुंगी गेली. ४५० वर्षांपूर्वी एक साक्षात्कारी स्त्री पहिला आणि तिसरा प्रश्न इतक्या स्वच्छपणे वेगळा ठेवत होती.

उलट अंधश्रद्धा जगते ती या प्रश्नांची गाठ मारून. "आवाज येतो ना? मग कोण आहे ते मी सांगतो," असं म्हणणाऱ्याची सगळी सत्ता त्या एका उडीत असते. आणि त्याच्याकडे माणूस का जातो? घरात 'खुळेपणा' म्हणून तोंड बंद केलेलं असतं, म्हणून. ऐकून घेणारा पहिला माणूस तो असतो. माणसाला हसून आपण त्याला अंधश्रद्धेपासून वाचवत नाही, तिच्या दारात नेऊन सोडतो. हे मला फार आतून वाटतं.

## याचा दवाखान्यात आणि घरात काय उपयोग?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ पासून 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी वेगळी नोंद आहे, आणि ती आजार म्हणून केलेली नाही. दुसऱ्या बाजूने, ब्राउन विद्यापीठाच्या जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या त्रासदायक अनुभवांचा अभ्यास प्रसिद्ध केला: भीती, निद्रानाश, 'मी' हरवल्यासारखं वाटणं. एकाच अनुभवाला कुठे प्रगती म्हटलं गेलं, कुठे आजार. 'ध्यानाने बरंच वाटतं' हे सरसकट खरं नाही, हे साधकांना आधी सांगायला हवं.

कुणी असा अनुभव सांगितला आणि त्यात आवाज हुकूम सोडत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, झोप आणि जेवण तुटलं असेल, मध्येच शुद्ध हरपत असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरकडे न्यावं. एरवी आधी विचारावं. काय ऐकलंस? कुठून आलं? किती वेळ? तेव्हा काय करत होतीस? भीती वाटली की बरं वाटलं?

मावशीला मी हे प्रश्न विचारले, पण त्या दिवसानंतर कितीतरी महिन्यांनी. तिने एकेक करून उत्तरं दिली. घरात दुसरं कुणी असलं की आवाज येत नाही. पाऊस जोरात असेल तर येत नाही. चपला नेहमी उंबऱ्याच्या उजव्या बाजूला निघतात, काका काढायचे तिथेच. भीती कधीच वाटली नाही. "मग दार उघडून बघतेस का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "नुसती कडी काढून ठेवते."